छोट्या मोटरबोटीच्या तळात पुन्हा पुन्हा पाणी साचते: बूच, त्याची बैठक आणि पुढच्या तपासण्या

पंधरा ते वीस फुटी फायबरच्या बोटीच्या तळात पाणी दिसू लागले की मालक बहुधा सरळ नवीन बूच (साचलेले पाणी काढण्यासाठी बोटीच्या मागच्या बाजूला खाली ठेवलेल्या छिद्राचे झाकण) आणतो. काही फेऱ्या बऱ्या जातात, मग पाणी पुन्हा दिसते, मग आणखी एक बूच येते, आणि शेवटी ‘पंप आहे ना’ म्हणून विषय सोडून दिला जातो. वर्सोवा, मढ, मार्वे, गोराई या पट्ट्यातल्या अशा बोटी तपासताना माझा अनुभव असा, की खुद्द बुचापेक्षा ते छिद्रातल्या ज्या नळीत किंवा छिद्रावर स्क्रूने बसवलेल्या ज्या चकतीत बसते त्या बैठकीतच दोष अधिक वेळा सापडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाणी नेमके कधी येते हे पाहिल्याशिवाय ते कुठून येते हे कळत नाही. म्हणून आधी लक्षणे आणि मग फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून पुढे खर्चिक कामांपर्यंत, असाच क्रम ठेवला आहे.

लक्षणे

बोट नांगरावर उभी असताना रात्रभरात पाणी साचते आणि ते रोज साधारण सारखेच असते, तर पाण्याच्या पातळीखाली कुठेतरी कायमची गळती आहे. बूच, त्याची नळी, तळातली एखादी फिटिंग किंवा खुद्द कवच यांपैकी काहीतरी.

उभी असताना बोट कोरडी राहते पण फेरी मारून आल्यावर तळ भरलेला असतो, तर छिद्र पातळीच्या वर आहे आणि मागे माणसे बसल्यावर किंवा वेग घेताना मागचा भाग खाली गेल्यावर ते बुडते. इंजिनाचे बोल्ट, स्टिअरिंगच्या केबलचे भोक आणि डेकवरचे पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्रांवरच्या रबरी झडपा यांच्यावर संशय घ्यावा.

फक्त पावसानंतर पाणी दिसते, तर बुचाकडे जाऊच नये.

पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालू होतो, बाहेर थोडेसेच पाणी जाते आणि पुन्हा तेच घडते, तर पुष्कळदा बोट गळतच नसते. पाइपात राहिलेले पाणी मागे येते आणि तरंगणारा स्विच पुन्हा उचलतो.

बोट किनाऱ्यावर ओढली, बूच काढले, आतले पाणी वाहून गेले, आणि तरीही बुचाच्या चकतीच्या कडेने कित्येक तास थेंब गळत राहतात, विशेषतः ते थेंब चहासारखे तपकिरी असतात, तर हे लक्षण सर्वांत वाईट आहे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

पहिली तपासणी: पाणी खारे की गोडे

यास काही खर्च येत नाही. घरच्या पाणी शुद्धीकरण यंत्रासाठी आणलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असल्यास तळातल्या पाण्यात बुडवावा. नळाच्या पाण्यात तो जो आकडा दाखवतो त्याच्या जवळपासचे पाणी पावसाचे किंवा धुण्याचे आहे, आणि आकडा मीटरच्या मर्यादेबाहेर गेला तर पाणी समुद्राचे आहे, कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मीटर नसेल तर अंगाच्या साबणाचा चुरा त्या पाण्यात चोळून पाहावा. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस जवळजवळ येतच नाही. पाणी चाखून पाहण्याचा जुना उपाय मुंबईच्या खाड्यांत करू नये, हे सांगण्याची गरज नसावी.

पाणी गोडे निघाले तर गळतीचा शोध तिथेच थांबवून ताडपत्री, डेकवरची झाकणे आणि त्यांचे रबर पाहावे. पावसाचे पाणी किती साचते याचा अंदाज सहसा चुकतो. पाच मीटर लांब आणि सरासरी १.८ मीटर रुंद बोट उघडी पडली असेल, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात ९०० लिटर पाणी जमते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या हिशेबाने अशा बोटीवर साडेआठ हजार लिटर पाणी पडले असते. त्यामुळे पावसाळ्यात शाकारलेल्या बोटीचे बूच काढून ठेवावे, नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग थोडा उंच ठेवावा आणि छिद्रात पाने किंवा चिंध्या अडकत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे.

दुसरी तपासणी: भरती-ओहोटीचा उपयोग करून घेणे

आपल्याकडे या तपासणीला खास सोय आहे, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरांहून अधिक होतो आणि खाडीतल्या बऱ्याच छोट्या बोटी ओहोटीला जमिनीवर बसतात. तळातल्या एका कोरड्या जागी पेन्सिलीने पातळीची खूण करावी, बोट तरंगू लागण्यापूर्वी तळ पुसून काढावा आणि भरतीचे तीन-चार तास पाणी किती वाढते ते पाहावे. या काळात पंप बंद ठेवावा लागतो, म्हणून बोटीवर माणूस हजर पाहिजे. पंप बंद करून बोट सोडून जाणे म्हणजे ती बुडण्याची व्यवस्था करणे होय.

त्यानंतर ओहोटीला बोट कोरडी पडली की जिथून पाणी आत आले तिथूनच ते बाहेर ठिबकू लागते. घट्ट वाळूवर बसलेल्या बोटीत हे स्पष्ट दिसते. मागची भिंत, म्हणजे ज्या ट्रान्समवर इंजिन लटकते ती, कोरड्या फडक्याने पुसावी, बुचाभोवती आणि खालच्या शिवणीवर खडूची पूड लावावी आणि बॅटरीच्या उजेडात वाट पाहावी. पुडीवर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा महत्त्वाची; थेंब जिथून पडतो ती नव्हे, कारण पाणी कवचाला धरून बरेच दूरपर्यंत ओघळते. चिखलात रुतलेल्या बोटीत हे जमत नाही. तसेच आधार नीट लावलेला नसताना बोटीखाली डोके घालू नये.

तिसरी तपासणी: बूच

बुचे मुख्यतः दोन प्रकारची असतात, आट्यांची आणि फुगणाऱ्या रबराची.

आट्यांच्या बुचात मुंबईत वारंवार आढळणारा दोष आट्यांच्या जातीचा असतो. नळकामाच्या दुकानात मिळणाऱ्या फिटिंगला बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) आटे असतात, तर बाहेरून आलेल्या अनेक बोटींच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या बुचांना एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे) आटे असतात. अर्धा आणि पाऊण इंच या दोन्ही मापांत दोन्ही जातींचे आटे इंचाला १४ च असतात, त्यामुळे चुकीचे बूचही सुरुवातीला सहज फिरते आणि बसले असे वाटते. परंतु एका जातीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसरीच्या आट्याचा ६० अंशांचा असल्यामुळे आट्यांमध्ये बारीक सापट राहते आणि तिच्यातून पाणी झिरपते. टेफ्लॉन टेप गुंडाळून ते काही दिवस थांबते, एवढेच. ‘काका, टेप लावली की थांबतं, मग परत सुरू होतं’ असे कोणी म्हणाले की मी आधी आट्यांचा गेज लावतो. लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटवर बूच घ्यायला जाताना जुने बूच आणि शक्य असेल तर त्याची चकतीही सोबत न्यावी. ‘पाऊण इंची द्या’ एवढ्याने भागत नाही.

निमुळत्या आट्यांचे बूच पाचरीप्रमाणे आवळत जाते. गळती थांबत नाही म्हणून त्यावर लांब पाना लावून जोर केला, तर चकतीला किंवा तिच्या मागच्या फायबरला चीर पडते आणि शे-दोनशे रुपयांचे काम हजारांत जाते. हाताने घट्ट आणि नंतर पान्याने थोडेसे, एवढे पुरते. ज्या बुचांचे आटे सरळ असतात त्यांत पाणी आटे अडवत नाहीत, वायसर किंवा ओ-रिंग अडवते. तिथे फक्त रबर बदलावे.

फुगणाऱ्या रबराच्या बुचाचे काम त्याच्या दांडीवर चालते. दांडी खाली पाडताना अंगठ्याला चांगला जोर लागला पाहिजे. ती सहज पडत असेल तर ती उभी करून एक-दोन फेरे आवळावी आणि पुन्हा पाडावी. उन्हाने टणक झालेले किंवा पेट्रोल-तेलाने फुगून मऊ झालेले रबर कितीही आवळले तरी धरत नाही. बोट वर काढल्यावर बूच दांडी पाडूनच ठेवले तर रबर तसेच दबलेले राहते, म्हणून ते सैल करून ठेवावे. असे बूच आतून बसवावे की बाहेरून, यावर वाद चालतो. छिद्र २५ मिलिमीटरचे आणि पातळीखाली २० सेंटिमीटर असेल, तर पाण्याचा बुचावरचा जोर जेमतेम १०० ग्रॅम वजनाइतका भरतो. त्यामुळे दाबाचा मुद्दा गौण आहे. आतून बसवलेल्या बुचाला नांगराची साखळी, डबा किंवा पाय लागण्याची भीती असते, पण बोट पाण्यात असतानाही ते हाताशी राहते. माझे मत आतल्या बाजूचे आहे, मात्र त्याच्यावर आड येणारी एखादी पट्टी असावी आणि ते बारीक दोरीने बांधलेले असावे. बोट पाण्यात सोडताना बूच विसरण्याचा प्रकारही कमी नाही. इंजिनाची किल्ली बुचाच्याच दोरीला अडकवून ठेवणे हा त्यावर फुकटचा उपाय आहे.

काही जण भर वेगात असताना बूच काढून तळातले पाणी बाहेर सोडतात. बोट वेगात पाण्यावर उचललेली असते तेव्हा मागच्या छिद्रातून पाणी खरोखर बाहेर जाते, पण वेग कमी होताच तेच छिद्र पाणी आत घेऊ लागते, आणि भाऊच्या धक्क्यासमोरच्या किंवा गेटवेच्या रहदारीत वेग केव्हा कमी करावा लागेल हे आपल्या हाती नसते. ही सवय लावून घेऊ नये.

चौथी तपासणी: बुचाची बैठक

बूच काढून नळीत हाताचे बोट फिरवावे. वाळूचा कण, जुन्या सीलंटचा तुकडा किंवा कडेला पडलेला खाचा बोटाला लगेच कळतो. नळी पितळी असेल तर तिचा रंग पाहावा. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते आणि खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू काढून घेते. उरलेले तांबे गुलाबी दिसते आणि ठिसूळ असते. अशा गुलाबी डागावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबले आणि भुगा पडला, तर नळी संपली असे समजावे.

मग पाण्याची चाचणी. बोट किनाऱ्यावर आधारावर नीट ठेवून, बूच लावून, तळात छिद्र जेमतेम बुडेल एवढेच पाणी ओतावे आणि त्यात कपड्याची थोडी नीळ मिसळावी. अधिक पाणी ओतू नये, कारण १०० लिटर म्हणजे १०० किलो वजन. निळे पाणी बुचातून आले तर दोष बुचाचा किंवा नळीच्या तोंडाचा. चकतीच्या बाहेरच्या कडेखालून आले तर सीलंट गेले आहे आणि पाणी ट्रान्समच्या दोन फायबर थरांमधल्या लाकडातून (प्लायवूडमधून) जात आहे. या दोन गोष्टींतला फरक नवीन बूच लावून कधीच कळत नाही.

पाचवी तपासणी: पंप आणि पाइप

पंपाची जाळी काढून तिच्यातला मासेमारीचा दोरा, खवले आणि प्लॅस्टिक काढावे, फ्यूज पाहावा, तरंगणारा स्विच हाताने उचलून पाहावा. पाइपाचे बाहेरचे तोंड बोट पूर्ण भरलेली असतानाही पाण्याच्या वर राहते का, हे माणसे मागे बसवून पाहावे. तोंड बुडत असेल तर पंप थांबल्यावर तोच पाइप समुद्राचे पाणी आत आणतो. पाइप आत एका उंच वळणावरून नेऊन त्या वळणावर हवा आत घेणारी झडप लावल्यास हे टळते. पेट्रोलचा वास येत असताना पंपाचे बटण दाबू नये. आधी झाकणे उघडून वास पूर्ण जाऊ द्यावा. तळातल्या पाण्यावर तेल तरंगत असेल तर ते आधी तेल शोषणाऱ्या कापडाने टिपावे, खाडीत सोडू नये.

पंप असला तरी गळती शोधलीच पाहिजे, कारण हिशेब आपल्या बाजूचा नाही. वर सांगितलेल्या २५ मिलिमीटरच्या उघड्या छिद्रातून मिनिटाला सुमारे ३५ लिटर, म्हणजे तासाला दोन हजार लिटरांच्या वर पाणी आत येते. ५०० गॅलनचा म्हणून विकला जाणारा पंप कागदावर तासाला सुमारे १,९०० लिटर फेकतो, आणि पाइपाची उंची, वळणे व उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. लहान गळतीत पंप पुरतो खरा, पण दर पाच मिनिटांना एक लिटर म्हटले तरी दिवसाचे २८८ लिटर होतात, आणि ते सगळे बॅटरीच्या जोरावर बाहेर टाकायचे असतात.

सहावी पायरी: नळी किंवा चकती बदलणे

हे काम ज्याला ड्रिल आणि सीलंट हाताळता येते त्याने करावे, आणि आगोटीच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत करावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर असतात म्हणून अनेक जण तेव्हाच काम काढतात, परंतु त्या हवेत ओले प्लायवूड सुकत नाही आणि ओल्यावर लावलेले सीलंट धरत नाही.

जुने स्क्रू काढल्यावर त्यांच्या भोकांतून बारीक ड्रिल फिरवून भुसा पाहावा. फिका, कोरडा भुसा आला तर पुढे जावे. काळपट, ओला लगदा आला तर हत्यारे खाली ठेवावीत.

लाकूड कोरडे असल्यास छिद्राच्या आतल्या सर्व कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सी लावून लाकूड पूर्ण बंद करावे. स्क्रूची भोके थोडी मोठी करून इपॉक्सीने भरावीत आणि ती टणक झाल्यावर पुन्हा योग्य मापाने पाडावीत, म्हणजे पुढे कधी सीलंट गेले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. नवीन फिटिंग पितळीऐवजी ब्राँझची, ३१६ जातीच्या स्टीलची किंवा बोटीसाठीच बनवलेल्या चांगल्या प्लॅस्टिकची घ्यावी. रे रोडजवळच्या दारूखाना बाजारात जुन्या जहाजांच्या भक्कम फिटिंग मिळतात, पण त्या ब्राँझच्या की पितळी हे नुसत्या रंगावरून ठरवणे अवघड असते. स्टीलच्या स्क्रूला लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ३१६’ असे सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये, कारण ३०४ लाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. बोट ॲल्युमिनियमची असेल तर पितळ किंवा ब्राँझ मुळीच लावू नये. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच खाल्ले जाते.

सीलंट बोटीसाठीचे पॉलियुरेथेन घ्यावे. न्हाणीघरात लावायचे सिलिकॉन पाण्याखाली टिकत नाही आणि त्याचा तेलकट थर मागे राहिला की नंतर दुसरे काहीच नीट चिकटत नाही. कायमचे चिकटणारे सीलंट पुढे फिटिंग काढताना फायबरचा थर उपटते, म्हणून पुन्हा काढता येईल असे मध्यम ताकदीचेच वापरावे. चकती बसवताना सीलंट चहूबाजूंनी थोडेसे बाहेर येईल इतपतच आवळावे. सगळे पिळून बाहेर काढले तर आत काही उरत नाही. सीलंटच्या नळीवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण झाल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नये.

कुठे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर स्वतः काही करू नये आणि फायबरचे काम करणाऱ्या जाणत्या कारागिराला बोलवावे: चकतीच्या कडेने तपकिरी पाणी, ओला काळा भुसा, स्क्रू नुसताच गोल फिरणे, बुचाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, ट्रान्समवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकले असता एका भागात टणक आणि दुसऱ्या भागात बद्द आवाज, किंवा उचललेले इंजिन हाताने खाली दाबल्यावर ट्रान्सम लवणे. या सर्वांचा अर्थ मधले लाकूड कुजले आहे असा असू शकतो, आणि त्याच लाकडावर इंजिनाचे सारे वजन आणि जोर आहे. तशा ट्रान्समची बोट एकही फेरी करू नये. तळाच्या शिवणीतून किंवा कवचातल्या चिरेतून येणारे पाणी, आणि वरील सर्व करूनही न सापडलेली गळती, हीदेखील कारागिराचीच कामे आहेत. ‘वरून एक थर मारून देतो’ असे म्हणणाऱ्याला काम देऊ नये. आतले ओले लाकूड उघडून दाखवा आणि सुकल्यावर मला बोलवा, असे त्याला स्पष्ट सांगावे.

समुद्रात असताना पाणी पंपापेक्षा वेगाने वाढू लागले तर दोष शोधत बसू नये. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालावीत, छिद्र सापडल्यास मऊ लाकडाची निमुळती खुंटी किंवा कापड ठोकून बसवावे, आणि जवळच्या उथळ चिखलाकडे किंवा वाळूकडे बोट न्यावी; रुतलेली बोट पुढच्या भरतीपूर्वी रिकामी करता येते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि रेडिओ असल्यास चॅनेल १६ वापरण्यास संकोच करू नये.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, उजेडी आणि किनाऱ्याजवळ घ्यावी, कारण तेव्हा पाण्याची चढउतार आणि ओढ दोन्ही कमी असतात. पंप लगेच चालू करता येईल असा तयार पण बंद ठेवून तासभर बोट उभी ठेवावी, मग दोन माणसे मागे बसवून पुन्हा तेवढाच वेळ ठेवावी, आणि त्यानंतरच इंजिन चालू करावे. या तिन्ही टप्प्यांत तळ कोरडा राहिला तरच बोट नेहमीच्या नांगरावर एकटी सोडावी.